घराच्या नूतनीकरणावर 10 लाख खर्च केले, तर घराची किंमत 10 लाखांनी वाढते का?

आधी ओल धरलेली भिंत आणि पिवळी पडलेली लादी, मग तीस सेकंदांत चकचकीत ओटा, छताला पीओपी, लपवलेले दिवे. जुन्या फ्लॅटचं रूप पालटल्याचे असे व्हिडिओ सोशल मीडियावर रोज फिरत असतात. त्याखाली एक वाक्य हमखास असतं: हा खर्च नाही, ही गुंतवणूक आहे.

राहण्याच्या दृष्टीने पाहिलं तर या खर्चाचं समाधान खरंच मिळतं. पण विकायच्या वेळी हे पैसे वसूल होतील का, हा प्रश्न असेल तर उत्तर आहे: बहुतेक वेळा पूर्ण होत नाहीत, काही कामांचे तर अजिबात होत नाहीत. आणि जी कामं खरोखर किंमत सांभाळतात, ती व्हिडिओत दिसत नाहीत.

फ्लॅटची किंमत कशी ठरते?

मुंबई, ठाणे किंवा पुण्यातल्या फ्लॅटच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा जागेचा असतो: परिसर, स्टेशन किंवा मेट्रोपासूनचं अंतर, इमारतीचं वय, कार्पेट एरिया, पार्किंग, लिफ्ट. आतल्या फरशीचा आणि कपाटांचा वाटा त्या मानाने लहान असतो. शिवाय जागेचा भाव सहसा वर जातो; प्लायवूड, सनमायका आणि नळ मात्र बसवल्या दिवसापासून जुने होऊ लागतात.

सरकारी हिशेबात तर आतल्या सजावटीला जागाच नाही. मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा रेडी रेकनर विभागाचा दर पाहतो, क्षेत्रफळ पाहतो, इमारत जुनी असेल तर घसाराही धरतो. मॉड्युलर किचन आहे की साधा कडाप्पाचा ओटा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बँकेचं काय? समजा, एकाच इमारतीत शेजारच्या फ्लॅटला 1 कोटी भाव आला आहे. मालकाने आत 10 लाखांचं काम केलंय, म्हणून तो 1 कोटी 10 लाख मागतो. बँकेने पाठवलेला मूल्यांकनकार मात्र त्या इमारतीचा प्रति चौरस फूट दर गुणिले क्षेत्रफळ असा हिशेब करून 1 कोटीच लिहितो. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली जी रक्कम कमी, तिच्यावर बँका कर्ज मोजतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 75 लाखांपेक्षा मोठं गृहकर्ज घराच्या मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच देता येतं. म्हणजे 1 कोटी 10 लाखांवर साडेब्याऐंशी लाख मिळाले असते, तिथे आता 75 लाखच मिळतील. ग्राहकाला स्वतःच्या खिशातून साडेसत्तावीसऐवजी 35 लाख उभे करावे लागतील. घासाघीस इथूनच सुरू होते, आणि ती बहुधा त्या 10 लाखांवरच येऊन थांबते.

त्यात आवडीनिवडीचाही प्रश्न आहे. मालकाने हौसेने लावलेल्या गडद टाइल्स नव्या माणसाला आवडल्याच नाहीत, तर तो त्या फोडण्याचा खर्च धरून भाव पाडतो. आपलं दहा लाखांचं काम समोरच्याच्या हिशेबात खर्चाच्या रकान्यात जाऊन बसतं.

मग कोणता खर्च कामाचा?

गळती थांबवण्याचा. जुन्या घरात याच्या तोडीचं दुसरं काम नाही.

फ्लॅट पाहायला आलेला जाणता माणूस हॉल पाहत नाही. तो बाथरूमच्या मागची भिंत पाहतो, खिडकीखालचा कोपरा पाहतो, छताला पोपडे आलेत का पाहतो. नवा रंग फक्त एकाच भिंतीला असेल तर त्याला लगेच शंका येते. ओल दिसली की तो दुरुस्तीच्या खर्चाएवढा भाव कमी करून थांबत नाही. आत अजून काय निघेल या भीतीचेही पैसे कापतो.

नहाणीघराचं वॉटरप्रूफिंग नीट करायचं तर जुनी फरशी स्लॅबपर्यंत उखडावी लागते. नहाणी ट्रॅप आणि गंजलेले लोखंडी पाइप बदलायचे, भेगा भरायच्या, ब्रिकबॅट कोबा किंवा रासायनिक लेप द्यायचा, मग एक-दोन दिवस पाणी साठवून खालच्या घरात थेंब येतो का ते बघायचं, आणि त्यानंतरच टाइल्स. घाईच्या कामात जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवतात. फोटो छान येतो, पाणी आपल्या वाटेने खाली जातच राहतं.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी घरातली गळती मात्र सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. ही वाटणी माहीत नसल्याने अनेक जण सोसायटीच्या वाट पाहण्यात दोन पावसाळे घालवतात, किंवा सोसायटीचं काम स्वतःच्या खिशातून करून बसतात.

दुसरा खर्च वायरिंगचा. जुन्या घरातल्या तारा एसी, गीझर, इंडक्शन यांचा भार धरून टाकलेल्या नसतात. अर्थिंग आणि योग्य एमसीबीसह नवं वायरिंग ही घर विकणाऱ्याला उघडपणे सांगता येईल अशी गोष्ट आहे. अशा कामांनी भाव उड्या मारत नाही. तो पडायचा थांबतो आणि ग्राहक लवकर ठरतो.

रंगकाम स्वस्त, आणि विक्रीपूर्वी करण्यासारखं. त्याबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं नाही.

किंमत कमी करणारं नूतनीकरण

दोन बेडरूममधली भिंत पाडून मोठा हॉल करायचा मोह अनेकांना होतो. मोकळं वाटतं, पण टू-बीएचकेचा वन-बीएचके होतो. मालमत्तेच्या ॲपवर लोक शोधतात ते बेडरूमच्या संख्येनुसार. तिथेच हा फ्लॅट गळतो.

बंद केलेल्या बाल्कनीचीही हीच गत. 2016 च्या रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियाच्या व्याख्येत बाल्कनी धरलेली नाही. ती काचा लावून खोलीत घेतली म्हणून कागदावरचं क्षेत्र वाढत नाही. बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन येतो आणि परवानगीशिवाय केलेला बदल अहवालात नोंदवतो. ग्राहकाचं कर्ज तिथे अडलं, तर सौदाही अडतो.

त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साई दर्शन ही इमारत कोसळून 17 जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा नाही. लोड बेअरिंग इमारतीत तर साधी दिसणारी भिंतही वरचे मजले पेलत असते. गवंडी 'काही होत नाही' म्हणतो तेव्हा त्याची जबाबदारी काम संपेपर्यंतची असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी दोन्ही हवीत.

इमारतच पडणार असेल तर?

तीस-पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत खर्च करण्याआधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं वाचावीत. पुनर्विकासाची चर्चा कुठवर आली आहे, विकासकाची निवड झाली आहे का? राज्य सरकारच्या 4 जुलै 2019 च्या आदेशानंतर पुनर्विकासासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे आपला विरोध असला तरी प्रकल्प पुढे जाऊ शकतो.

पुनर्विकासात नवं घर मिळतं ते जुन्या कार्पेट एरियाच्या प्रमाणात. इटालियन मार्बल असलेल्या घराला आणि जुन्या मोझॅक लादीच्या घराला, क्षेत्र सारखं असेल तर, वाढीव फूट सारखेच. फोडायला येणारी मशीनही एकच. अशा इमारतीत गळती, वायरिंग आणि रंग एवढ्यावर भागवावं. सुतारकाम करायचंच तर उचलून नेता येईल असं.

बिलं जपली तर खर्चातले काही पैसे परत येतात

घर विकताना झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागतो आणि नफा मोजताना घरात केलेल्या सुधारणेचा खर्च वजा करता येतो. हे ऐकलेलं अनेकांना असतं, पण विकायच्या दिवशी कागद हाती नसतात.

23 जुलै 2024 पूर्वी घर घेतलेल्या भारतातल्या रहिवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर मोजून जो कमी येईल तो भरता येतो: महागाई निर्देशांक न लावता 12.5 टक्के, किंवा तो लावून 20 टक्के. उदाहरणार्थ, 2010-11 मध्ये 40 लाखांना घेतलेल्या फ्लॅटमध्ये 2015-16 मध्ये 6 लाखांची सुधारणा केली आणि तो 2025-26 मध्ये 1 कोटी 20 लाखांना विकला. या तीन वर्षांचे निर्देशांक अनुक्रमे 167, 254 आणि 376. त्यानुसार खरेदी धरली जाते सुमारे 90.06 लाख, सुधारणा सुमारे 8.88 लाख. नफा उरतो 21.06 लाख, आणि 20 टक्क्यांनी कर 4.21 लाख. निर्देशांकाशिवाय 12.5 टक्क्यांनी तोच कर 9.25 लाख आला असता.

आता 6 लाखांची बिलं नाहीत असं धरा. कर 5.99 लाखांवर जातो. म्हणजे त्या कागदांची किंमत पावणेदोन लाखांहून जास्त, तीही उपकर न धरता.

यात टिकाऊ स्वरूपाचं काम धरतात: नवी फरशी, नवं प्लंबिंग, वाढीव बांधकाम. रंगकाम, किरकोळ दुरुस्ती आणि सोफ्यासारखं सुटं फर्निचर धरत नाहीत. जीएसटी वाचवायला बिलाशिवाय रोख काम करून घेणाऱ्यांचं गणित इथेच उलटतं, कारण पुरावा म्हणून पक्कं बिल आणि बँकेतून दिलेली रक्कम दाखवावी लागते. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, सोसायटीचं परवानगीपत्र हेही त्याच फाइलमध्ये ठेवावं.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींच्या नावावर इथे फ्लॅट असेल तर एक फरक लक्षात घ्यावा. दोन्हींतला कमी कर निवडण्याची सोय अनिवासी भारतीयांना नाही, त्यांना 12.5 टक्क्यांचाच हिशेब लागतो. सुधारणेचा खर्च मात्र त्यांनाही वजा करता येतो, फक्त निर्देशांकाने न वाढवता. आणि 1 एप्रिल 2001 पूर्वी केलेल्या सुधारणेचा खर्च कोणालाच धरता येत नाही.