पहिला दबाव, दुसरा दबाव

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त झालं पुण्याहून आलेल्या थोरल्या वन्संच्या फोनचं. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, हवापाणी झालं, आणि मग वन्सं हळूच मुद्द्यावर आल्या.

"अगं, हा सांगत होता, तू म्हणे बंदुकीच्या नुसत्या घोड्यावर सव्वादोनशे डॉलर घातलेस? तेवढ्यात चांगला मिक्सर आला असता."

"आला असता वन्सं, पण मिक्सरने सहाशे यार्डांवर नेम धरता येत नाही," हे उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. :-) फोनवर काहीतरी थातुरमातुर बोलले. पण प्रश्न मनात राहिला, आणि त्याचं खरं उत्तर जरा लांबलचक आहे. म्हणून हा प्रपंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेली चार वर्षं मी इथे ओहायोत सर्व्हिस रायफल प्रकारात नेमबाजी करते. सैन्याच्या रायफलीसारखीच रायफल, तिच्यात ठरलेले मोजकेच बदल. दोनशे यार्डांवर उभं राहून दहा मिनिटांत दहा गोळ्या, तिथूनच बसून साठ सेकंदांत दहा, तीनशे यार्डांवर पालथं पडून सत्तर सेकंदांत दहा, आणि शेवटी सहाशे यार्डांवर वीस मिनिटांत वीस. एकूण पन्नास गोळ्या, पाचशे गुण. या खेळाची पंढरी म्हणजे ईरी सरोवराच्या काठावरचं कॅम्प पेरी. आमच्या घरापासून गाडीने दोन तासांवर.

यंदा वसंतात माझी रायफल दुरुस्तीला होती म्हणून क्लबातल्या एका मित्राची उसनी घेतली. तिचा ट्रिगर फार हलका होता, दुसऱ्या कुठल्याशा प्रकारासाठी बसवलेला. त्याने मला तसं बजावलंही होतं. उभी राहिले, रायफल खांद्याला लावली, निशाण अजून काळ्या वर्तुळाच्या खालीच होतं, बोट नुसतं टेकवलं... आणि बार निघून गेला. मी तो सोडला नव्हता. तो सुटला. गोळी लक्ष्याच्या अलीकडे मातीत. नळी समोरच होती, कुणाला काही इजा होण्याचा प्रश्नच नव्हता. गुणपत्रिकेवर एक शून्य आणि पंचांचं "ठीक आहात ना?" एवढ्यावर भागलं.

घरी येऊन खरं ते सांगितलं. नवरोबांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"आणि समोर कोणी असतं तर?"

"समोर कोणी नसतंच रे. म्हणून तर सगळे नियम आहेत."

"बातम्यांत दाखवतात ती बंदूक हीच ना?"

हीच. दिसायला तीच, आतून बरीचशी तीच. चिरंजीवांच्या शाळेत दर वर्षी दारं लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसायची तालीम होते. तो शेजारीच जेवत बसला होता. मला उत्तर सुचलं नाही. पुढचे दोन आठवडे रायफल तिजोरीतून बाहेर काढली नाही. त्या दिवसांत वाचत मात्र होते. हलका ट्रिगर घ्यावा की जड, एवढंच बघायला बसले होते आणि चारशे-पाचशे वर्षं मागे गेले.

आपल्याकडे दोन शब्द आहेत, घोडा आणि चाप. जुन्या बंदुकीत वर उभा दिसतो आणि आपटतो तो घोडा, खाली बोटाने ओढायचा तो चाप. बोलताना आपण दोघांनाही घोडाच म्हणतो. पण ही दोन वेगळी कामं आहेत, आणि सगळी गंमत त्या दोघांच्या मध्ये आहे.

संग्रहालयात तोड्याची बंदूक पाहिली असेल. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत बोट आणि विस्तव यांच्यात फारसं काही नसे. चाप म्हणजे साधी तरफ. बोट जितकं मागे जाईल तितका जळता तोडा दारूच्या कानाकडे झुकणार. बोट सैल केलं की तोडा परत वर. म्हणजे अगदी शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेता येत असे. पुढे गारगोटीची बंदूक आली तेव्हा हे बदललं. आता घोड्यामागे दाबलेली स्प्रिंग, आणि तिला रोखून धरणारी एक छोटी खिटी. बोट आता बार काढत नाही, ते फक्त खिटी सोडतं. एकदा सुटली की सुटली. ट्रिगरचा सगळा पुढचा इतिहास म्हणजे या खिटीचा इतिहास.

खिटी खोल अडकवली तर बंदूक सुरक्षित, हापटली तरी सुटत नाही. पण मग चाप जड आणि खरबरीत होतो, ओढता ओढता नेम हलतो. खिटी जेमतेम अडकवली तर चाप लोण्यासारखा, पण धक्क्याने सुटण्याची धास्ती. दाराच्या कडीचंच गणित.

नेमबाजांनी यावर फार पूर्वी तोड काढली होती. जर्मन मुलखात सोळाव्या शतकातच, नेमबाजीच्या आडव्या धनुष्यांवर, 'सेट ट्रिगर' आला. पुढे तो रायफलींवर गेला. त्याच्या एका प्रकारात दोन चाप असतात. एक ओढून आतली यंत्रणा ताणून ठेवायची, मग दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा. जर्मन आणि स्विस लोक आपल्या नेमबाजी मंडळांसकट अमेरिकेत आले तेव्हा हे ट्रिगरही इथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या स्पर्धा म्हणजे जत्राच असायच्या, बँड आणि बिअरसकट. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या आणि ही मंडळं ओसरली. पण पिसासारख्या ट्रिगरची परंपरा संपली नाही. ऑलिंपिकमधल्या पन्नास मीटर रायफलीला ट्रिगरच्या वजनाची खालची मर्यादाच नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकला, तो हाच. तिथे शंभर ग्रॅमच्या आसपासचे ट्रिगर सर्रास असतात. मूठभर शेंगदाण्यांचं वजन!

माझा खेळ मात्र दुसऱ्या घराण्यातला. स्पेनबरोबरच्या युद्धानंतर अमेरिकी सरकारला वाटलं की आपल्या माणसांना नेम धरता येत नाही. १९०३ साली त्यासाठी राष्ट्रीय मंडळ नेमलं गेलं, त्याच वर्षी न्यू जर्सीत सी गर्टला पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि १९०७ साली त्या कॅम्प पेरीला आल्या. इथे रायफल सैन्याची, म्हणून ट्रिगरही सैन्याच्या शिस्तीतला. एम-वन गॅरंड असो, एम-१४ असो की आजची एम-१६ च्या जातीची रायफल असो, ट्रिगरचा एकूण भार निदान साडेचार पौंड हवा, म्हणजे दोन किलोच्या किंचित वर. सामन्याच्या आधी नळी आकाशाकडे करून ट्रिगरला तेवढं वजन अडकवतात आणि उचलून बघतात. वजन उचललं जाण्याआधीच ट्रिगर सुटला तर रायफल बाद.

आणि इथे वाचता वाचता मला एकदम आमचे एन.सी.सी.चे उस्ताद आठवले. साताऱ्याला कॉलेजात असताना पॉइंट टू-टू रायफल हातात देऊन ते म्हणायचे, "पहला दबाव... रुको... दूसरा दबाव." आम्ही मुली तेव्हा हसायचो. मला वाटायचं ही उस्तादांची स्वतःची लकब असावी. ती लकब नव्हती, ते यंत्र होतं! आमची ती रायफल ली-एनफिल्डच्या घराण्यातली. तिच्या चापाच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा खोल अडकलेली खिटी बरीचशी बाहेर काढतो, तीन-चार पौंडांत. मग दुसरा टेकतो, बोटाला भिंत लागल्यासारखं जाणवतं, आणि उरलेली केसभर खिटी पाच-साडेसहा पौंडांना सुटते. खांद्यावर टाकून धावताना खिटी खोल, नेम धरल्यावर उथळ. कडीचं गणित सैन्याने असं सोडवलं. गॅरंड आणि एम-१४ यांचे ट्रिगरही असेच दोन टप्प्यांचे, रचना वेगळी एवढंच.

एम-१६ मध्ये मात्र ही वाट सुटली. यूजीन स्टोनरच्या त्या रायफलीत ट्रिगर आणि खिटी हा एकच तुकडा, टप्पाही एकच. सोपं, स्वस्त, दणकट. पण सैन्याच्या मापात भार साधारण साडेपाच ते साडेनऊ पौंड. एम-१६ए२ मध्ये तर तीन गोळ्यांच्या फैरीची यंत्रणा आत असल्यामुळे एकेक गोळी झाडतानाही ट्रिगरचा भार आळीपाळीने बदलायचा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी सैन्याचा नेमबाज संघ एम-१४ सोडून हिच्याकडे वळला आणि पाठोपाठ सगळे वळले. गोळीचा धक्का कमी, सहाशे यार्डांसाठी जड लांबट गोळ्या आलेल्या, फक्त ट्रिगर नकोसा. काही हौशी लोकांनी घरी बसून खिटी घासली. तिच्या पृष्ठभागावरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला की आतला मऊ धातू झिजत जातो, आणि एक दिवस एका ओढीत दोन बार निघतात.

बाहेरचा ट्रिगर विकत घेण्याची पद्धत काही नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांकडच्या जुन्या लष्करी रायफलींसाठी टिम्नी कंपनीने १९४६ पासून ट्रिगर बनवायला घेतले होते. आता एम-१६ च्या जातीसाठीही दोन टप्प्यांचे ट्रिगर आले. मिलाझो-क्रीगर, ज्युएल, रॉक रिव्हर, आणि २००४ नंतर गाइस्ली. हा शेवटचा बिल गाइस्ली स्वतःच याच खेळातला नेमबाज आणि व्यवसायाने इंजिनियर. आपल्या हाताला जे हवं ते बाजारात मिळेना, म्हणून त्याने स्वतः केलं.

यातली खुबी लक्षात आली का? नियम बघतो एकूण भार. साडेचार पौंड दोन टप्प्यांत कसे वाटायचे ते तुमच्यावर. पहिल्यात साडेतीन, दुसऱ्यात एक ठेवला तर नियमही पाळला आणि भिंतीपाशी पोचल्यावर काम अगदी अलगद. बहुतेक तरबेज मंडळी असंच काहीतरी ठेवतात. दुकानदारानेही मला तेच सुचवलं.

मी पहिल्यात अडीच, दुसऱ्यात दोन ठेवलेत. दुसरा टप्पा जड आहे, माझ्या बरोबरीच्या बाकीच्यांहून जड. त्याने माझे काही गुण जात असतील. पण मला ती भिंत बोटाला स्पष्ट कळायला हवी आहे. उभ्याने नेम धरताना निशाण डोलतं, दहा मिनिटांत दहाच गोळ्या, म्हणजे वेळ भरपूर असतो. भिंतीपाशी यावं, निशाण काळ्यात बसत नाही असं वाटलं तर बोट सैल करावं. खिटी पुन्हा पूर्ण खोल जाते. रायफल खाली, दोन श्वास, परत वर. म्हणजे तोड्याच्या बंदुकीतली ती माघार मधल्या काळात हरवली होती, ती या दुसऱ्या टप्प्याने थोडीशी परत दिली. सव्वादोनशे डॉलर मी हलकेपणासाठी दिलेले नाहीत वन्सं. ते त्या थांब्यासाठी दिलेत.

ट्रिगर बसवला त्या रात्री चिरंजीव झोपल्यावर रायफल टेबलावर घेतली. रिकामी आहे हे मी पाहिलं, मग नवरोबांनी पाहिलं, मग पुन्हा मी. नळी तळघराच्या भिंतीकडे. म्हटलं, "ओढून बघ, हळू."

त्याने ओढला. "इथे अडलं."

"हं. आता सोड."

"परत आलं की."

"हो."

त्याने आणखी दोनदा केलं. तिसऱ्यांदाही सोडूनच दिलं, पुढे ओढला नाही. काही बोलला नाही. "मला पटलं" असं तो अजून म्हणालेला नाही आणि मीही विचारलेलं नाही. बातम्या लागल्या की आमच्या घरात अजून शांतता होते, आणि मला वाटतं ती व्हायलाच हवी. पण मागच्या शनिवारी सकाळी मी निघाले तेव्हा चहाचा थर्मास गाडीत आधीच ठेवलेला होता.

उभ्याने दहा गोळ्यांत चौऱ्याऐंशी गुण मिळाले. विशेष काही नाही. पण त्या दहाच्या दहा मी सोडलेल्या होत्या, एकही सुटलेली नव्हती. मधे सहा वेळा रायफल खाली घेतली, ते गुणपत्रिकेवर कुठे लिहीत नाहीत.

असो. तुमच्यापैकी कोणी एन.सी.सी.त होतं का? तुमचे उस्ताद काय म्हणायचे ते नक्की कळवा. आणि वन्सं, दिवाळीला येतेय तेव्हा मिक्सर घेऊन येईन. :-)