मोर, दंतवैद्य आणि अडकलेलं छप्पर

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी चौक-कर्जत रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवरून मामूंना फोन आला. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची परदेशी स्पोर्ट्स कार होती, छप्पर बटणावर उघडणारी. परतायच्या वेळी बटण दाबलं, छप्पर अर्ध्यावर उठलं आणि तिथेच थांबलं. डिकीचं झाकण आ वासून उघडं आणि आभाळ भरून आलेलं. कंपनीच्या माणसाने फोनवर एवढंच सांगितलं, की गाडी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवा.

मामूंचं गॅरेज खोपोलीत, शिळफाट्याजवळ. टॉर्च धरायला म्हणून मी सोबत गेलो. मालकाने मामूंकडे आणि त्यांच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही अशी गाडी आधी उघडलीये का?" मामू म्हणाले, "नाही साहेब. पण आधी ऐकून तर घेऊ."

आणि खरंच ते ऐकायला लागले. मालकाला बटण दाबायला सांगून त्यांनी डिकीजवळ कान नेला. मला म्हणाले, "पंप घुमला आणि छप्पर हललं नाही, तर तेल कमी आहे, हवा शिरलीय किंवा कुठेतरी गळतंय. पंप घुमलाच नाही, तर भानगड विजेची." पंप घुमत नव्हता. बॅटरी तपासली, इंजिन चालू ठेवलं, फ्यूज पाहिले. मालकाने घाबरून पंधरा-वीस वेळा बटण दाबलं होतं. असे पंप तापले की स्वतःच बंद पडतात, म्हणून वीस मिनिटं थांबलो. तरीही शांतता.

"पंप मेलेला नाही," मामू म्हणाले. "त्याला हुकूमच पोचत नाहीये."

पण पाऊस कुणासाठी थांबत नाही. कारण नंतर शोधू, आधी छप्पर लावू, असं ठरलं. पंपावर एक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला की नळ्यांमधला दाब उतरतो आणि छप्पर हाताने हलवता येतं. दाब उतरताच छप्पर कोसळू शकतं, म्हणून आधी दोघांनी ते धरून ठेवलं आणि सांध्यांत कुणी बोटं घालायची नाहीत अशी तंबी मिळाली. मग दोन्ही बाजूंनी सारखंच उचलत ते पुढे आणून बसवलं. पहिली सर आली तेव्हा सीटा कोरड्या होत्या.

खरी खोड दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. डिकीच्या कुलपापाशी नखाएवढा स्विच असतो. त्याच्या प्लगच्या पिना आपल्याकडच्या दमट हवेने हिरव्या पडल्या होत्या. झाकण पूर्ण उघडलंय ही खबर त्या स्विचने द्यायची, आणि ती मिळाल्याशिवाय पुढची पायरी सुरू व्हायची नाही. पिना साफ केल्या, स्क्रू पुन्हा आवळला आणि छप्पर निमूटपणे जाऊन घडी होऊन बसलं.

परत येताना मला ८०० वर्षांपूर्वीचा एक मोर आठवत होता.

इ.स. १२०६ मध्ये दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरी नावाच्या कारागिराने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात ५० यंत्रं आहेत, चित्रांसह आणि मापांसह. त्यांतलं एक हात धुण्यासाठीचं. मोराच्या शेपटीची खुंटी ओढली की चोचीतून पाणी पडतं. वापरलेलं पाणी खालच्या टाकीत साचतं, त्यावरचा तरंगता गोळा वर येतो आणि दार उघडून एक बाहुला साबणाची पूड घेऊन पुढे होतो. पाणी आणखी चढलं की दुसरा गोळा उचलला जातो आणि दुसरा बाहुला टॉवेल घेऊन येतो. आधी पाणी, मग साबण, मग टॉवेल. एक काम पुरं झाल्याची खबर मिळाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. आपल्या गाडीतला नखाएवढा स्विच हेच काम करत होता. त्याच ग्रंथात दोन सिलिंडरचा, आलटून पालटून पाणी ओढणारा पंपही आहे.

इथे एक मोह आवरायला हवा. "हे सगळं आपल्याकडे आधीच होतं" असं म्हणून छाती फुगवण्याचा. अल-जझरीने मोटारीचं छप्पर शोधलेलं नाही. बटणावर चालणाऱ्या छपराचा इतिहास वेगळ्याच माणसांचा आहे. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्याच होत्या आणि त्यांचं कापडी हूड बग्गीच्या हूडसारखं हाताने ओढायचं असे. अख्खं पत्र्याचं छप्पर डिकीत सरकवण्याची कल्पना १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये पेटंट करून गाडीत उतरवली ती जॉर्ज पोलँ यांनी. ते पेशाने दंतवैद्य! १९३४ मध्ये त्यांच्या कल्पनेची प्यूजो गाडी रस्त्यावर आली. पुढे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात ते पकडले गेले आणि १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या प्लिमथने हवेच्या पोकळीवर चालणारं कापडी छप्पर दिलं. १९५७ च्या फोर्ड स्कायलायनरमध्ये पत्र्याचं छप्पर हलवायला सात मोटरी आणि सुमारे ६०० फूट वायर होती. म्हणजे अडकायच्या जागाही तितक्याच.

तेलाच्या दाबावर चालणारं छप्पर समजून घ्यायला खोपोलीकरांना पुस्तक लागत नाही. डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे पाईप आपण लहानपणापासून पाहतो. १९१५ पासून घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली येऊन इथे चक्रं फिरवतं. द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे पोचतो, कारण द्रव आक्रसत नाही. हवा आक्रसते. म्हणूनच नळीत हवा शिरली की छप्पर अडखळतं.

मग मोराची आठवण का काढायची? अल-जझरीने लिहून ठेवलं म्हणून. तो दरबारी विद्वान नव्हता, हाताने काम करणारा माणूस होता. पण काय केलं, कसं केलं, किती मापाचं केलं, हे त्याने दुसऱ्या कारागिराला करता येईल अशा रीतीने मांडलं. म्हणून ते उरलं.

आपल्या तालुक्यांत काय उरलं? नेरळ-माथेरानची रेल्वे १९०७ मध्ये अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये खर्चून उभी केली. त्यांचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. पण त्या गाडीचे सांधे दुरुस्त करणारे, जुन्या हमरस्त्यावर घाट चढण्याआधी तापलेल्या ट्रकांची इंजिनं उघडणारे, जीपची हूडं शिवणारे किती हात होते, त्यांची नावं कुठेच नाहीत. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि वाहतूक खोपोलीला वळसा घालून गेली. त्याबरोबर कितीतरी गॅरेजं आणि त्यांतली विद्याही गेली. मुस्लिम कामगारांचा मोठा हिस्सा स्वतःच्या छोट्या धंद्यांत असल्याची नोंद सच्चर समितीने २००६ मध्ये केली. आकड्यांत आपण आलो. पण त्या धंद्यांतलं ज्ञान कुणी नोंदवायचं?

आणि आता गाड्याच लॅपटॉपशी बोलतात, तो लॅपटॉप कंपनीकडे असतो. मामू कबूल करतात की पुढच्या मॉडेलला त्यांचा कान पुरणार नाही. त्यांच्या मुलाला या धंद्यात यायचं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मी एवढंच केलं. एक वही घेऊन मामूंकडे गेलो आणि म्हणालो, "मामू, छपराचं सगळं सांगा, मी लिहितो." ते हसले. "यात लिहिण्यासारखं काय आहे रे?" मग माझ्या हातातून पेन घेतलं, एका जुन्या बिलाच्या पाठीवर पंप काढला, नळ्या काढल्या, आणि डिकीच्या कोपऱ्यात तो स्विच काढून त्याभोवती दोनदा गोल केला.

ते बिल मी वहीत पहिल्या पानावर चिकटवलंय. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर वही आजच घ्या.