देवळालीचा ताप आणि विमानतळावरचा सोफा

इंग्रजीत 'डूलॅली' नावाचा एक शब्द आहे. अमुक माणूस डूलॅली झाला म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. हा शब्द आला कुठून? तर मंडळी, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! मूळचं रूप 'डूलॅली टॅप'. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क ताप. ज्या गावात मुंबईची माणसं हवापालटाला जातात, त्या गावाचं नाव गोऱ्या शिपायांनी वेडाला दिलं. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो ते काही उगाच नाही :)

गंमत बाजूला ठेवू. हा ताप डास चावून जसा यायचा, तसाच वाट पाहून पाहूनही यायचा. आजचा विषय तोच आहे: लष्करातली माणसं आणि मुख्य म्हणजे त्यांची बायकामुलं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधल्या वेळात कुठे थांबतात, आणि त्यांची सोय कोण पाहतं?

ब्रिटिशांनी देवळालीत ट्रान्झिट कॅम्प सुरू केला तो १८६१ साली. विलायतेहून मुंबईला उतरलेली माणसं इथे यायची आणि इथून आपापल्या पलटणीत जायची. उलट दिशेने, नोकरीची मुदत संपलेले शिपाई घरी जाण्यासाठी इथे येऊन थांबायचे. अडचण अशी होती की सैनिकांना नेणारी जहाजं वर्षभर चालत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. ज्याची मुदत एप्रिलात संपली, तो अडकला. हत्यार जमा केलेलं, कवायत नाही, काम नाही, घरी जायची ठरलेली तारीख नाही. उन्हाळा, पावसाळा, दारू, हिवताप, आणि पुन्हा तोच उद्याचा दिवस.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे एका वाक्यात समजेल. टाइमआउट नसलेली रिक्वेस्ट! प्रोग्रॅम चालू आहे की लटकला आहे, हेच कळत नाही. माणसाचंही तेच होतं. कंटाळा सहन होतो, पण 'अजून किती?' याला उत्तर नसलं की डोकं फिरतं. शंभरएक वर्षांनी बीबीसीने 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका काढली (१९७४ ते १९८१), ती सुरू होते या देवळालीतच. हसायला ठीक आहे, पण ज्यांनी तिथे सहा-सहा महिने काढले त्यांना हसू आलं असेल का, शंका आहे.

आता प्रश्न असा, की या सगळ्यात बायकापोरं कुठे होती?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश पलटण युद्धावर निघाली की शंभर शिपायांमागे चार-सहा बायकांनाच बरोबर जाता येई. कोणी जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. 'जायचं' किंवा 'नाही जायचं', एवढंच चिठ्ठीवर लिहिलेलं. ज्यांना दुसरी चिठ्ठी आली त्या बंदरावरूनच परत फिरायच्या, अनेक जणी कायमच्या. शिवाय ज्याने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय लग्न केलं, त्याची बायको लष्कराच्या हिशेबात नव्हतीच. तिला ना जागा, ना शिधा. म्हणजे डेटाबेसमध्ये नोंद नाही, तर माणूसच नाही!

पुढे १८६६-६७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने खास हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी पाच जहाजं बांधली. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जम्ना, मलबार आणि सेरापिस. पांढरी शुभ्र जहाजं, आणि प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा. एकेका जहाजात हजार-बाराशे माणसं मावत, आणि त्यांत शिपायांची कुटुंबंही असत. सुएझचा कालवा १८६९ साली उघडण्याआधी ही मंडळी एका जहाजाने अलेक्झांड्रियापर्यंत यायची, मग जमिनीवरून सुएझ, आणि तिथून दुसऱ्या जहाजाने मुंबई. कडेवर पोर घेऊन.

मुंबईला उतरलं की संपलं असंही नाही. खडकीच्या छावणीत जायचं तर मध्ये बोरघाट. खंडाळा ते पुणे ही रेल्वे १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाली, म्हणजे आपल्या चिंचवडवरून गाडी धावू लागली. पण घाटातला लोहमार्ग व्हायला १८६३ उजाडलं. मधली पाच वर्षं खोपोलीला गाडीतून उतरायचं, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचं. आज एक्स्प्रेसवेवर अर्धा तास अडकलो की आपण ऑफिसच्या ग्रुपवर निषेध नोंदवतो. असो.

हे झालं गोऱ्यांचं. आपल्या शिपायांच्या घरच्यांचं काय? सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. गावात त्यांचं स्मारक आहे. ते समुद्रापार गेले तेव्हा बायकोने कुठे थांबायचं, हा प्रश्न कोणत्याही कचेरीत आला नसणार. तिची वाट पाहण्याची जागा ठरलेली होती: घराचा उंबरा. आणि तारीख सांगणारा अधिकारी म्हणजे पोस्टमन.

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण लाउंज नावाची कल्पना तिथली आहे. विमान कंपनीचा पहिला लाउंज म्हणून ज्याचं नाव घेतात, तो अमेरिकन एअरलाइन्सचा 'अ‍ॅडमिरल्स क्लब' न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली उघडला. तो बड्या लोकांसाठी होता. तुम्ही मागून मिळत नसे, कंपनीने तुम्हाला बोलवावं लागे. दोनच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९४१ ला, अगदी दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सुरू झाली. तिचं नाव यूएसओ. वायएमसीए, वायडब्ल्यूसीए, साल्व्हेशन आर्मी, कॅथलिकांची एक आणि ज्यूंची एक संस्था, आणि प्रवाशांना मदत करणारी ट्रॅव्हलर्स एड अशा सहा संस्था एकत्र आल्या. लक्षात घ्या, पर्ल हार्बर व्हायला अजून दहा महिने होते. घरापासून लांब निघालेल्या सैनिकाला बसायला, चार शब्द बोलायला जागा द्यायची, एवढाच हेतू.

आज अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर या संस्थेची केंद्रं आहेत. सोफे, गरम खाणं, मुलांना खेळायला कोपरा आणि दारात 'कुठून आलात, कुठे चाललात' विचारणारा एखादा निवृत्त स्वयंसेवक. बदली होऊन सामानसुमानासकट निघालेल्या कुटुंबाला त्याचा मोठा आधार वाटतो. आपण क्रेडिट कार्ड घासून लाउंजमध्ये शिरतो आणि फुकटचा उपमा खातो, त्या लाउंजचं आणि या लाउंजचं नाव एक आहे, कूळ वेगळं आहे.

मग आपल्याकडे काय? तर आपल्याकडे गोष्ट रेल्वेची आहे. पुणे स्टेशनवर 'एमसीओ' अशी पाटी आहे. मूव्हमेंट कंट्रोल ऑफिस. लष्करी माणसाचं आरक्षण, वाटेत तुटलेली गाडी, अचानक आलेला हुकूम, या सगळ्यासाठी ही खिडकी. पूर्वी हातात कागदी रेल्वे वॉरंट असायचं, ते देऊन तिकीट घ्यायचं. आता डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टिमवरून तिकीट ऑनलाइन निघतं. पुण्याहून जम्मूला जाणाऱ्या झेलम एक्स्प्रेसच्या वेळेला फलाटावर जाऊन पाहा. काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि युनिट, आणि ट्रंकेवर बसून बिस्किटं खाणारी पोरं. हा आपला लाउंज.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी याच ट्रंकांवर बसून मोठा झाला. वडील फौजेत. 'फिल्ड' आणि 'पीस' हे शब्द त्याच्या घरात शनिवार-रविवारसारखे वापरले जात. पीस म्हणजे कुटुंब बरोबर ठेवता येईल असं ठिकाण. फिल्ड म्हणजे वडील एकटे सीमेवर, आणि आई मुलांना घेऊन गावी, नाहीतर एखाद्या छावणीतल्या वेगळ्या क्वार्टरमध्ये. बारावीपर्यंत त्याच्या सात शाळा झाल्या. मी विचारलं, अभ्यासाचे हाल झाले असतील? तर म्हणाला, "छे रे, सगळी केंद्रीय विद्यालयं. पुस्तक तेच, धडा तोच. फक्त खिडकीबाहेरचं हवामान बदलायचं."

हे ऐकल्यावर मी केंद्रीय विद्यालयांचा इतिहास वाचला, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्यामुळेच लिहितोय. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९६२ मध्ये या शाळांची योजना मंजूर झाली. सतत बदल्या होणाऱ्या केंद्र सरकारी नोकरांच्या, सैनिकांच्या मुलांचं शिक्षण तुटू नये, हा उद्देश. नव्या इमारती बांधत बसले नाहीत. छावण्यांमधल्या पलटणींच्या २० शाळा १९६३-६४ च्या वर्षात ताब्यात घेतल्या आणि काम सुरू केलं. आज अशा शाळा बाराशेच्या वर आहेत. आपल्या शेजारी देहूरोडला आहे, गणेशखिंडीला आहे, लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत आहे.

आमच्या भाषेत याला पोर्टेबिलिटी म्हणतात. मशीन बदला, प्रोग्रॅम तिथून पुढे चालू झाला पाहिजे. देवळालीच्या कॅम्पात नेमकं हेच नव्हतं. तिथे राहायला बराकी होत्या, जेवण होतं, पण तिथला वेळ आयुष्यातून वजा व्हायचा. माझं मत विचाराल तर बदलीवर निघालेल्या कुटुंबाला आपल्या देशाने दिलेली सगळ्यात मोठी सोय सोफा नाही, विश्रामगृह नाही, तिकिटातली सवलतही नाही. ती म्हणजे पाचवीचं तेच पुस्तक.

पण याच शाळेमुळे बाकीचं सगळं सुटलं असंही समजू नका. मुलाला वर्ग तयार मिळतो. त्याच्या आईला नोकरी तयार मिळत नाही. दर दोन-तीन वर्षांनी राजीनामा देणाऱ्या बाईचा बायोडेटा आपल्यासारखेच लोक वाचतात आणि 'स्थिरता नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवतात. आर्मी विमेन वेल्फेअर असोसिएशन १९६६ पासून काम करते आहे, पण कंपनीच्या मुलाखतीत समोर बसलेले असतो आपण. आपली कंपनी आपल्याला दुसऱ्या शहरात पाठवते तेव्हा पॅकर्स, पंधरा दिवसांचं हॉटेल आणि बायकोच्या नोकरीची चौकशी असं सगळं आपण हक्काने मागतो. तिच्या गॅपचं कारण मात्र आपल्याला पटत नाही. हा चिठ्ठ्यांचाच प्रकार झाला की! 'नाही जायचं' ऐवजी 'नाही घ्यायचं', एवढाच फरक.

चिंचवडला राहणाऱ्या माणसाला हे लांबचं वाटायला नको. आपण तीन बाजूंनी छावण्यांमध्ये राहतो. देहूरोड, दिघी, खडकी. मेट्रोने दापोडीकडे जाताना कासारवाडीनंतर खाली जी गर्द झाडी दिसते ती सीएमई, लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज. लोहगावला आपण विमान पकडतो तो तळसुद्धा मुळात हवाई दलाचा, १९३९ चा. प्रवासी म्हणून आपणच तिथले पाहुणे. त्या भिंतींच्या आत दर वर्षी कोणीतरी ट्रंका बांधत असतं आणि कोणीतरी उघडत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाखत घेताना समोरच्या बाईंच्या बायोडेटात झाशी, मग जोधपूर, मग पुणे आणि मध्ये कोऱ्या जागा दिसल्या, तर गॅपबद्दल नका विचारू. कुठे कुठे राहिलात आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून काय उभं केलंत, ते विचारा. असलं काम ज्याने सात वेळा केलंय, त्याला आपण एरवी सीनियर म्हणतो.