बजेट अडलं आणि युद्ध पेटलं

सरकारी तिजोरीत पैसा आहे, पण तो खर्च करायला संसद मंजुरीच देत नाहीये. अशा वेळी राष्ट्राध्यक्षाने काय करावं? चिलीच्या होसे मानुएल बाल्मासेदाने १८९१ मध्ये याचं जे उत्तर शोधलं, त्याची किंमत हजारो माणसांनी जीव देऊन चुकवली. गंमत (खरं तर शोकांतिका) अशी, की या माणसाची सुरुवात अगदी उलट टोकाला झाली होती.

जन्म १८४० चा, बड्या जमीनदाराच्या घरात. तरुणपणी घरची शेती सांभाळली. १८६६ पासून सान्तियागोच्या 'ला लिबेर्ताद' या वर्तमानपत्रातून लिहू लागला. त्या काळी चिलीत निवडणूक कुणी जिंकायची हे बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षच ठरवायचा. बाल्मासेदा याच्या विरोधात. १८७५ मध्ये निवडणूक-स्वातंत्र्यावर त्याने एक पुस्तिकाही लिहिली.

१८८६ मध्ये तो स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. कसा? तर आधीच्या राष्ट्राध्यक्षाच्या पाठबळावर!

पण पठ्ठ्याने कामं मात्र केली. पेरूविरुद्धच्या युद्धात जिंकलेल्या वाळवंटातून सोरा निघत होता, त्यावरच्या निर्यात कराने तिजोरी भरत होती. त्या पैशातून शाळा, रेल्वे, पूल उभे राहिले. १८९० मध्ये सुरू झालेला १०२ मीटर उंच मायेको रेल्वेपूल त्यातलाच.

मग बिनसलं. संसद म्हणे, मंत्री आमच्या विश्वासातले हवेत. हा म्हणे, मंत्री नेमणं माझा अधिकार. शिवाय हाही आपलाच माणूस गादीवर बसवणार, असा संशय होताच. संसदेने १८९१ चं बजेट अडवून धरलं. ५ जानेवारीला बाल्मासेदाने फर्मान काढलं : गेल्या वर्षीचंच बजेट यंदाही चालेल. आमच्या भाषेत सांगायचं तर अप्रूव्हल न घेता जुनीच फाइल प्रॉडक्शनवर टाकली!

दोनच दिवसांत आरमार संसदेच्या बाजूने उठलं. लष्कराचा मोठा भाग बाल्मासेदाकडे राहिला, पण आरमाराने उत्तरेची सोऱ्याची बंदरं घेतली आणि पैशाचा नळच तिकडे वळला. ऑगस्टमध्ये कॉन्कॉन आणि प्लासिया इथे त्याच्या फौजा हरल्या. त्याने अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसरा घेतला. १८ सप्टेंबरला त्याची कायदेशीर मुदत संपली आणि १९ तारखेला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

बरोबर कोण होतं? एकेकाळी सत्तेला लगाम हवा म्हणणाऱ्याने तो लगाम स्वतःच तोडला, हे खरं. पण जिंकलेल्या संसदेनेही पुढे तीसेक वर्षं मंत्रिमंडळं पत्त्यांसारखी पाडली.

शेवटी १९२५ च्या घटनेत नियम आला : ठरलेल्या मुदतीत संसदेने बजेट मंजूर केलं नाही, तर राष्ट्राध्यक्षाने मांडलेला मसुदाच लागू होईल. नियम एका वाक्यात मावतो. तो सुचायला मात्र एक युद्ध आणि ३४ वर्षं लागली...