हलकेपणाचा पुरावा

१९८१ हे साल मोटारशर्यतींच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. पण ती दोन्ही सहसा एकत्र मांडली जात नाहीत. त्या वर्षी मॅक्लारेन संघाने कार्बन-तंतूच्या सांगाड्याची ‘एमपी४/१’ ही गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. त्याच वर्षी अमेरिकेत, ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात, ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा सुरू झाली. छोटी रेसिंग कार विद्यार्थ्यांनीच आखायची, बांधायची आणि चालवायची, असे तिचे स्वरूप. पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले. आज युरोपातल्या आघाडीच्या विद्यार्थी-संघांच्या गाड्या कार्बनच्या सांगाड्यावर उभ्या असतात.

मी अभियंता नाही. जुने तांत्रिक अहवाल आणि नियमावल्या वाचत या विषयाकडे आलो. वाचता वाचता एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. चिकटवलेला जोड पक्का आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. मग त्याच्या भरवशावर माणसाला आत कसे बसवायचे?

या सांगाड्याची कुळकथा लाकडापासून सुरू होते. डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉस्किटो’ विमान नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडाले. त्याचे धड बर्चच्या दोन पातळ प्लायवूडच्या थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड भरून केले होते. यामागचे गणित सोपे आहे. एक पत्रा मधोमध उभा चिरून त्याचे दोन पातळ पत्रे करा आणि मूळ पत्र्याइतक्याच जाडीचा हलका गाभा त्यांच्यामध्ये चिकटवा. वजन जेमतेम वाढते, पण वाकण्याला होणारा विरोध सातपट होतो. अट एकच, चिकटवण सुटता कामा नये.

ही अट किती कठोर आहे, ते आपल्याच भूमीवर दिसले. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवरची काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली आणि नोव्हेंबरात ती जमिनीवर उतरवून ठेवावी लागली. कोणी पावसाळी हवेला दोष दिला, तर कोणी कारखान्यातल्या सदोष जोडणीला. सुरुवातीच्या विमानांत दुधातल्या केसिनचा सरस वापरला होता. पुढे त्याची जागा कृत्रिम रेझिनने घेतली. वाद मिटो न मिटो, धडा स्पष्ट होता: नकाशा बरोबर असला तरी जोडणाऱ्या हाताची परीक्षा वेगळी घ्यावी लागते.

विमानातून ही विद्या शर्यतीत आली. डी हॅविलंडमध्ये काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने मार्कोस गाडीची चासी प्लायवूडची केली. फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेतून आलेल्या रॉबिन हर्डने १९६६ च्या मॅक्लारेन ‘एम२बी’साठी ‘मॅलाइट’ वापरले. हे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमधला बाल्सा. याच फार्नबरोमध्ये १९६० च्या दशकात भक्कम कार्बन-तंतू बनवण्याची पद्धत विकसित झाली होती. मात्र रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनात या तंतूची पंख्याची पाती बसवून पाहिली, तेव्हा ती पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत टिकली नाहीत. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, त्याच्या कारणांत या इंजिनाचा अफाट खर्च प्रमुख होता.

त्यामुळे दहा वर्षांनी जॉन बर्नार्डने पूर्ण सांगाडाच कार्बनचा करायचे ठरवले, तेव्हा शंका घेणारे थोडे नव्हते. त्यांची शंका रास्तही होती. पोलाद आधी वाकते, मग तुटते. कार्बन फारशी पूर्वसूचना न देता फुटतो. सांगाडा अखेर अमेरिकेतल्या युटा राज्यातील हर्क्युलिस कंपनीने बनवला. जुलै १९८१ मध्ये जॉन वॉटसनने या गाडीतून सिल्व्हरस्टोनची शर्यत जिंकली. पण शंकेखोरांना उत्तर मिळाले सप्टेंबरात, मोंझाला. तिथे वॉटसनची गाडी कठड्यावर आदळली, इंजिनाचा भाग तुटून वेगळा झाला आणि वॉटसन धडधाकट बाहेर आला. पुढे काही वर्षांतच साऱ्या फॉर्म्युला वनने कार्बन स्वीकारला.

विद्यार्थ्यांना मात्र असा पुरावा अपघातातून मिळवण्याची मुभा नाही. इथे गाडीत बसणारा बहुधा त्याच वर्गातला मित्र असतो, आणि कापडाचे थर लावणारे हात वर्षा-दोन वर्षांपूर्वीच हे काम शिकलेले असतात. म्हणूनच फॉर्म्युला एसएईची नियमावली मला इतिहासाचा दस्तऐवज म्हणून मोलाची वाटते. तिचा मूळ मापदंड पोलादी नळ्यांचा सांगाडा आहे. कार्बन वापरायचा तर तो त्या नळ्यांच्या तोडीचा असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि पुस्तकातले आकडे त्याला पुरत नाहीत. ज्या थरांनी आणि ज्या पद्धतीने सांगाडा बनणार, त्याच पद्धतीने २७५ मिमी बाय ५०० मिमीचा तुकडा बनवायचा, दोन टोकांवर टेकवायचा आणि मधोमध दाब देत मोडायचा. दुसऱ्या तुकड्यातून २५ मिमी व्यासाचा दट्ट्या आरपार घालून दाखवायचा. म्हणजे परीक्षा कार्बनइतकीच तो लावणाऱ्या हाताचीही होते. शिवाय चालकाच्या डोक्यामागची मुख्य कमान आजही अखंड पोलादी नळीचीच लागते.

या शिस्तीतून काय निघते, ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसले. झुरिकच्या विद्यार्थ्यांची ‘मिथेन’ ही कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या जाळीची विजेरी गाडी थांबलेल्या स्थितीतून ०.९५६ सेकंदात ताशी १०० किलोमीटरवर पोहोचली. तिचे वजन होते सुमारे १४० किलो.

आपल्याकडे ‘सुप्रा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धा होतात. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी आपली विजेरी गाडी सिल्व्हरस्टोनला घेऊन गेले आहेत. तरीही आपले बहुतेक संघ पोलादी नळ्यांवरच थांबतात. कार्बनचे कापड महाग असते, रेझिन आधीच मुरवलेले कापड शीतगृहात ठेवावे लागते आणि ते भाजायला भट्टी हवी. ही अडचण खरी आहे. पण या विद्येची पहिली पायरी महाग नाही. काचतंतूचे कापड, साधे रेझिन आणि फोमचा गाभा घेऊन एक तुकडा बनवता येतो. आणि तो मोडण्याचे यंत्र आपल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत उभेच आहे. दर वर्षी त्यावर प्रात्यक्षिकापुरती पोलादी सळई ताणली जाते.