पडेगावचे धुणे

छत्रपती संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याने पश्चिमेस निघाले की लागणारे पडेगाव आज शहराचेच एक विस्तारलेले उपनगर झाले असले, तरी तेथील घराघरांतून फिरणाऱ्या धुलाईयंत्रांचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्यास यंत्रशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पाण्याच्या दप्तरातच अधिक काळ घालवावा लागतो. कारण कपडे कोणी, कोठे आणि आठवड्यातून किती वेळा धुवावेत, याचा निवाडा या प्रांतात विजेने किंवा मजुरीच्या दराने क्वचितच केला. तो बहुधा पाण्यानेच केला.

१६१० साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसविली आणि पुढील काही वर्षांतच डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालून आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. ही नहर पुढे कित्येक पिढ्या शहराची तहान भागवीत राहिली. परंतु तिचा लाभ मुख्यतः शहरवस्तीचा. बाहेरच्या खेड्यापाड्यांचे जीवित विहिरी, ओढे आणि जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून हर्सूल, शहर व छावणी यांच्या कडेने वाळूजकडे जाणारी खाम नदी यांवर अवलंबून असे. पिण्याचे पाणी घरी येई, आणि धुणे मात्र पाण्याकडे जाई. एकोणिसाव्या शतकात खामच्या पलीकडे हैदराबादच्या निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी वसली, तेव्हा सैन्याच्या गणवेषांसाठी धोबी ही प्रत्येक लष्करी ठाण्याची अपरिहार्य गरजच होती.

गावगाड्यात हे काम परिटाकडे. बारा बलुतेदारांत त्याची गणना होई. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते आणि लग्नकार्यात पायघड्या घालण्याचा मान, हा त्याचा वंशपरंपरागत हक्क. त्याच्या कसबाचे वर्णन आजच्या वाचकासाठी थोडे विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते, कारण ‘परीटघडीचे कपडे’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या घडीमागे किती विद्या होती हे आता फारसे कोणी जाणत नाही. मळके कपडे प्रथम खाराच्या पाण्यात भिजवावयाचे. हा खार मातीतून किंवा सरोवरातून निघे, आणि शेजारच्या लोणारच्या सरोवरात काच व साबण यांना लागणारा माल सापडतो अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. नंतर त्या कपड्यांची चळत भट्टीवर रचून खालून उठणाऱ्या वाफेत ती रात्रभर मुरू द्यावयाची. पहाटे गाठोडी गाढवाच्या पाठीवर टाकून नदीवर न्यावयाची. तेथे खडकावर आपटून, वाहत्या पाण्यात खळबळून, उन्हात पसरावयाची. शेवटी पांढऱ्यास नीळ आणि सुतीस तांदळाची खळ. रेशमी वस्त्रास यांतले काहीच चालत नसे. त्यास रिठ्याचे कोमट पाणी आणि हलका हात. शंभर घरांचे कपडे एकाच भट्टीत गेल्यावर कोणाचे कोणते हे ओळखण्यासाठी बिब्ब्यात सुई बुडवून कापडाच्या कोपऱ्यावर दोन-तीन ठिपके, एखादी आडवी रेघ किंवा फुली काढलेली असे. बिब्ब्याच्या तेलाचा तो काळा डाग कापड फाटेपर्यंत जात नसे, आणि ज्यास अक्षरओळख नव्हती तो परीट त्या खुणांवरून सबंध गावाचा हिशेब बिनचूक ठेवी. मोसमी पाण्याच्या आणि तापत्या उन्हाच्या मुलखात पाणी, खार व उष्णता यांचा इतका काटकसरीचा मेळ घालणाऱ्या या पद्धतीस मी निःसंशय एक शास्त्रच मानतो.

हे शास्त्र मोडले ते यंत्राने नव्हे. गिरणीचे कापड, पुढे टेरिकॉट, दुकानातली साबणाची वडी, १९५९ मध्ये आलेली सर्फची आणि त्यानंतर दहा वर्षांनी गुजरातेत जन्मलेली निरमाची पावडर, यांनी भट्टीची गरज संपविली; आणि पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन जुनी व्यवस्था ढासळू लागली, तसे बलुतेही रोख मजुरीपुढे टिकले नाही. परीट इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहिला. परंतु त्याच्या पाठीवरचे जड धुणे, चादरी, गोधड्या, जाड धोतरे, कोठे गेले? ते घरच्या बाईच्या कंबरेवर आले. नित्याचे धुणे तिच्याकडे पूर्वीपासूनच होते. आता सगळेच आले. ज्या स्थित्यंतरास आपण स्वावलंबन म्हणून गौरविले, त्याची किंमत मोरीतल्या दगडापुढे वाकून बसणाऱ्या स्त्रियांनी मोजली, आणि तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाले. या धरणाच्या पैठण येथील नाथसागर जलाशयाचे पाणी फारोळ्यास शुद्ध होऊन नक्षत्रवाडीच्या टेकडीमार्गे शहरात येऊ लागले. चिकलठाणा आणि पाठोपाठ वाळूज येथे कारखाने उभे राहिले, बाहेरगावची माणसे पगारावर आली, आणि धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने पैठण रस्त्यावरील चितेगावी आपला मोठा कारखाना उभारून दूरचित्रवाणी संचांच्या जोडीस धुलाईयंत्रेही बाजारात आणली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर या यंत्राची जाहिरात ज्यांनी पाहिली, त्यांस ते उपकरण परदेशी वाटले असेल. पण या जिल्ह्याच्या दृष्टीने ते घरचेच होते. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली या कंपनीविरुद्ध जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, ही घटना या शहराने एखाद्या आप्ताच्या आजारासारखी सोसली.

दोन टबांचे यंत्र, म्हणजे एकीकडे धुणे आणि दुसरीकडे पिळणे, हूवर कंपनीने पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये लोकप्रिय केले होते. युरोपातून ते बहुतांशी हद्दपार झाले. पडेगावात ‘सेमी’ या सुटसुटीत नावाने ते आजही मानाने नांदते. याचे कारण केवळ स्वस्ताई समजणे हा अन्याय आहे. वरून कपडे घालावयाचे फुल्ली ऑटोमॅटिक यंत्र एका धुण्यास शंभर लिटरच्या आसपास किंवा अधिक पाणी मागते. पुढून दार असलेले ‘फ्रंट लोड’ त्याच्या निम्म्यात भागवते. पण दोघांनाही नळाचे पाणी स्वतःच्या दाबाने आत यावे लागते, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर फ्रंट लोडच्या हीटरवर चढतो. जेथे नळाला आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा, पाणी येते आणि मधले दिवस टाकी, बोअर किंवा टँकरवर काढावे लागतात, तेथे सेमीचा गुण कळतो. पाणी यायच्या दिवशी ते चाकांवर ढकलीत ओट्यावर आणतात, बादलीने टब भरतात. पहिल्या फेरीत पांढरे, त्याच साबणपाण्यात रंगीत, शेवटी पायपुसणी. मग निचऱ्याची नळी बादलीत सोडून त्याच पाण्याने अंगण किंवा संडास धुतात. चतुर यंत्रास न जमणारी ही काटकसर साध्या यंत्रास जमते, कारण त्याची सूत्रे माणसाच्या हाती राहिलेली आहेत.

वाळवणीचे म्हणाल, तर अमेरिकेतील अनेक वसाहतींच्या नियमांनी अंगणात दोरी बांधण्यास मनाई केली, तेव्हा दोरीचा हक्क राखण्यासाठी काही राज्यांना कायदे करावे लागले. आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही तापल्या हवेचा ड्रायर एका खेपेस दोन ते चार युनिट वीज घेऊन साड्या वाळवतो. मराठवाड्याच्या उन्हास अशा साहाय्याची गरज नाही. मे महिन्यात गच्चीवर टाकलेले धोतर दुसरे धोतर झटकेपर्यंत वाळू लागते. पडेगावकर ज्याला ड्रायर म्हणतात तो सेमीचा पिळण्याचा टबच. मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेऊन तो कपड्यातले पाणी उपसून काढतो. आषाढ-श्रावणात कित्येक घरी कपडे हातानेच धुऊन यंत्र फक्त या पिळण्यापुरते चालवतात, आणि मला हा त्याचा सर्वांत शहाणपणाचा उपयोग वाटतो. पैठणी किंवा हिमरू मात्र कोणी त्यात घालीत नाही.

शहरासाठी १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, आणि तिचा खर्च पुढे वाढला. या योजनेचे पाणी रोज आणि पुरेशा दाबाने वरच्या मजल्यापर्यंत चढेल, तेव्हा फुल्ली ऑटोमॅटिक घेण्यास पडेगावातल्या अनेकांची ना नसेल. तोपर्यंत दुकानात शिरलेली गृहिणी किमतीच्या आधी हेच विचारते, की यात वरून बादलीने पाणी ओतता येते का.