जुनी दुनळी खिळखिळी झाली तर आधी बिजागरी, मग खिट्टी

राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविल्यानंतर शॉटगन नेमबाजीकडे भारतीय वाचकांचे लक्ष वेधले गेले. ट्रॅप आणि स्कीट या स्पर्धांत प्रामुख्याने दिसते ती 'ओव्हर-अंडर' म्हणजे एकावर एक नळ्या असलेली दुनळी बंदूक. चांगल्या बनावटीची अशी बंदूक दोन-तीन पिढ्या सहज टिकते. मात्र हजारो बार काढल्यानंतर तिचे सांधे झिजतात आणि ती खिळखिळी होते. हा दोष नेमका कोठे आहे हे न ओळखता केलेली दुरुस्ती बंदुकीच्या जिवावर, क्वचित नेमबाजाच्याही जिवावर बेतू शकते.

एक नमुना

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध बंदूक म्हणजे 'ब्राउनिंग सुपरपोज्ड'. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांची ही अखेरची मोठी रचना. बेल्जियममधील हर्स्टाल येथील एफएन कारखान्यात काम करीत असतानाच १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र व्हाल ब्राउनिंग यांनी पुढील काम पूर्ण केले आणि १९३१ मध्ये ही बंदूक बाजारात आली. तिच्या अनेक प्रती आजही वापरात आहेत.

तिची रचना समजली की झिजेचे कारण समजते. नळ्यांच्या खाली पोलादी हुक असतो. बंदुकीच्या मुख्य चौकटीत, म्हणजे अॅक्शनमध्ये, पुढच्या बाजूस आडवी पिन असते. हुक या पिनीभोवती फिरतो आणि बंदूक उघडते. बंद केल्यावर मागून एक रुंद, चपटी खिट्टी पुढे सरकते आणि नळ्यांच्या खाचेत बसते. बार उडताना काडतूस मागच्या भिंतीवर आदळते आणि नळ्या पुढे ओढल्या जातात. बारा बोअरच्या सर्वसाधारण काडतुसासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने ठरविलेली दाबाची मर्यादा ७४० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक आहे. पुढची ओढ पिन आणि हुक सोसतात, तर नळ्या वर उचलल्या जाऊ नयेत ही जबाबदारी खिट्टीची. वरच्या नळीचा बार बिजागरीपासून अधिक उंचीवर होत असल्याने तिचा ताण जास्त असतो. खालची नळी सहसा प्रथम उडविली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे.

तपासणी कशी होते?

दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री ही पहिली पायरी. त्यानंतर पुढचा लाकडी भाग मोकळा केला जातो, कारण त्याच्या दाबामुळे खरा सैलपणा लपतो. सुपरपोज्डमध्ये हा भाग नळ्यांपासून वेगळा निघत नाही, तो पुढे सरकवावा लागतो. मग बंद बंदुकीचा दस्ता आणि नळ्या धरून हलक्या हाताने हलवून पाहतात. पुढचे लाकूडच तेवढे हलत असेल, तर तो किरकोळ आणि वेगळा दोष होय.

नळ्यांची मागची बाजू आणि अॅक्शनची भिंत यांच्यामधून उजेड दिसत असेल तर बिजागरी झिजली, असे समजावे. कारागीर भिंतीवर दिव्याची काजळी धरून बंदूक बंद करतात. काजळी जेथे पुसली जाते तेथे धातू धातूला टेकतो, उरलेल्या जागी फट असते. वरच्या कळीची स्थितीही बोलकी असते. नव्या बंदुकीत ती मागून पाहताना मध्यापासून किंचित उजवीकडे थांबते. खिट्टी पाचरीसारखी असल्याने झिजेबरोबर ती अधिक पुढे सरकते आणि कळी डावीकडे झुकत जाते.

दुरुस्तीचा क्रम

खरी फसगत येथेच होते. नवी खिट्टी बसविली की बंदूक घट्ट लागते, कळीही उजवीकडे येते आणि मालक समाधानी होतो. परंतु खिट्टी नळ्यांना खाली दाबते, मागे ओढत नाही. त्यामुळे मागची फट तशीच राहते, काडतुसाच्या बुडाला पुरेसा आधार मिळत नाही आणि प्रत्येक बारागणिक नळ्यांना धक्का बसून झीज वाढते. म्हणून आधी बिजागरी, मग खिट्टी, हाच क्रम योग्य ठरतो.

सुपरपोज्डसारख्या रचनेत जुनी पिन काढून किंचित जाड पिन बसविता येते. नळ्या त्यामुळे मागे सरकतात. मग काजळी पाहत, कानशीने अगदी थोडा धातू काढत त्या भिंतीशी जुळवाव्या लागतात. बेरेटासारख्या बंदुकांत आडव्या पिनीऐवजी दोन बाजूंस छोटे खुंट असतात आणि तेही मोठ्या मापाचे मिळू शकतात. पिन बदलणे शक्य नसेल तेथे हुकावर वेल्डिंगने धातू चढवून तो पुन्हा घडवितात. मात्र जुन्या बंदुकांच्या नळ्यांमधील पट्ट्या बहुधा डाकाने जोडलेल्या असल्याने उष्णता आटोक्यात ठेवावी लागते. हुक ठोकून पसरविणे किंवा पत्र्याची चकती घालणे हे उपाय तात्पुरते असतात. थोड्याच बारांत सैलपणा परततो आणि योग्य दुरुस्तीसाठी धातूही उरत नाही.

शेवटी खिट्टी, काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा आणि पुढच्या लाकडाचे लोखंड नव्या स्थितीशी जुळवावे लागते. एवढा खर्च करण्यापूर्वी नळ्यांची जाडी आणि आतील गंज तपासणे शहाणपणाचे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील काही सुपरपोज्डचे अक्रोडाचे लाकूड मिठाने सुकविलेले होते. अशा बंदुकीत लाकडाखालचे पोलाद गंजलेले आढळते.

झीज टाळण्याचा उपाय स्वस्त आहे. ग्रीसमध्ये मिसळलेली धूळ पोलादावर पॉलिशपेपरसारखे काम करते. त्यामुळे जुने ग्रीस पुसून मगच नवा पातळ थर द्यावा आणि बंदूक झटका न देता मिटावी. भारतात मात्र बंदुकीची दुरुस्ती घरच्या कामाचा विषय नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार त्या व्यवसायासाठी स्वतंत्र परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडे बंदूक सोपविताना 'घट्ट करून द्या' एवढेच न सांगता 'फट कोठे आहे ते दाखवा' असे विचारणे अधिक हिताचे.